वारशाचा फ्लॅट: ठेवावा की विकावा?

आईवडिलांच्या पश्चात राहिलेला पुण्यातला फ्लॅट 1 कोटीचा आणि भाडे महिना 25 हजार धरा. म्हणजे वर्षाला जेमतेम 3 टक्के. त्यातून मेंटेनन्स, मालमत्ता कर, रिकामे महिने आणि सोसायटीचे बिनभोगवटा शुल्क वजा केले, की बँकेची मुदत ठेवही उजवी ठरते. ‘किंमत वाढतेच की’ हा आक्षेप खरा. पण वाढते ती जमिनीची, इमारत जुनीच होत जाते. म्हणून पुनर्विकास दृष्टिपथात असेल तरच थांबावे. विक्रीवरच्या कराची धास्तीही जरा अवाजवीच: 2001 पूर्वी घेतलेल्या घराला खरेदी किंमत म्हणून 1 एप्रिल 2001 चे बाजारमूल्य धरता येते. शिवाय वारस तिघे असतील, तर आज तीन सह्या पुरतात. पुढच्या पिढीत नऊ लागतील, त्यातल्या काही परदेशातून.