यंत्राची नजर आणि हाडाची जाळी

हाडांच्या घनतेचे दोन अहवाल शेजारी ठेवून ‘वर्षभर औषध घेतले, तरी हाड झिजलेच’ असा निष्कर्ष काढणारी घरे थोडी नाहीत. औषध थांबवण्याचा निर्णयही कित्येकदा अशाच एका आकड्यावरून होतो. त्या आकड्यात हाडाचा वाटा किती आणि यंत्राचा किती, हे जाणून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे. त्यासाठी प्रथम प्रयोगशाळेतील एका यंत्राकडे पाहू.

बाहेरून भरीव दिसणारे हाड आतून तसे नसते. मणक्यांत, खुब्यात, मनगटाजवळच्या टोकाशी अनारशासारखी नाजूक जाळी असते. या जाळीतील एकेक काडी साधारणतः ०.१ ते ०.२ मिलिमीटर जाडीची. वय वाढते तशा या काड्या बारीक होतात, काही तुटतात, आणि किरकोळ पडण्यानेही हाड मोडू शकते.

ही जाळी न कापता पाहण्याचे साधन म्हणजे मायक्रो-सीटी. हाडाचा लहानसा नमुना हळूहळू फिरवत त्याची शेकडो क्ष-किरण चित्रे घेतली जातात आणि संगणक त्यांतून त्रिमित आकृती उभी करतो. १९८९ साली ली फेल्डकॅम्प व त्यांच्या सहकाऱ्यांनी या पद्धतीने केलेला हाडाच्या जाळीचा अभ्यास प्रसिद्ध केला. फेल्डकॅम्प हे फोर्ड या मोटार कंपनीच्या संशोधनशाळेत काम करीत होते, हे वाचून आपणांस नवल वाटेल.

मात्र ही आकृती यंत्राच्या मांडणीवर फार अवलंबून असते. ती ज्या बारीक घनकणांनी बनते, त्यांचा आकार आधी ठरवावा लागतो. जाड टाकाने बारीक अक्षर लिहू पाहिले, तर रेघा फुगतात आणि अक्षरांतील पोकळ्या बुजतात. इथेही तसेच घडते. दहा मायक्रॉनच्या, म्हणजे ०.०१ मिलिमीटरच्या घनकणांत काडी स्वच्छ उमटते. घनकण काडीच्या जाडीच्या जवळपास पोहोचला, की बारीक काड्या नाहीशा तरी होतात, नाहीतर आहेत त्याहून जाड दिसतात. पातळ झालेले हाड मग कागदावर बळकट भासते.

किती करड्या छटेला हाड म्हणायचे आणि किती छटेला पोकळी, ही सीमाही माणसानेच ठरवायची असते. ती थोडी खाली आणली की सगळ्या काड्या जाड होतात, वर नेली की झिजतात. किरणांची शक्ती आणि चित्र घेण्याचा वेळ यांनीही चित्राचा उठाव व स्वच्छता बदलते. म्हणूनच प्राण्यांच्या हाडांवरील अशा अभ्यासांसाठी २०१० साली संशोधकांनी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. निष्कर्षासोबत ही सर्व मांडणी नोंदवावी, असा त्यांचा आग्रह आहे.

मायक्रो-सीटीत किरणांची मात्रा मोठी असल्याने ते आपल्या खुब्यासाठी वापरत नाहीत. आपली तपासणी होते ती डेक्सा यंत्रावर. त्यात जाळी दिसत नाही. ठरावीक क्षेत्रफळात खनिज किती, एवढेच कळते. पण तत्त्व तेच. वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रे त्याच हाडाचा वेगळा आकडा देऊ शकतात. त्याच यंत्रावरही झोपण्याची ढब व पायाची वळण बदलली, तर आकडा थोडा हलतो. उतारवयात मणक्यांना सांधेवाताचे उंचवटे आले असतील, तर घनता खोटीच वाढलेली दिसते. शिबिरात टाचेवर होणारी ध्वनिलहरींची तपासणी तर निराळीच. तिचा आकडा डेक्साच्या अहवालाशी जुळवू नये.

तेव्हा पुढील गोष्टी सांभाळाव्यात. पुनर्तपासणी शक्यतो त्याच केंद्रात, त्याच यंत्रावर करावी आणि जुना अहवाल सोबत न्यावा. तुलना करताना टी-स्कोअरपेक्षा प्रत्यक्ष घनतेचा आकडा पाहावा. किती फरक पडला तर तो खरा मानायचा, ही मर्यादा केंद्राला विचारावी. त्याहून कमी फरकाला घट किंवा वाढ म्हणू नये. आदल्या दिवसापासून कॅल्शियमची गोळी घेऊ नये. खुब्यातील कृत्रिम सांधा, मणक्याची शस्त्रक्रिया, नुकतीच झालेली बेरियमची वा आयसोटोपची तपासणी यांची माहिती शुश्रूषा करणाऱ्यांनी आधीच द्यावी.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, केवळ आकड्यावरून औषध परस्पर थांबवू नये. दर सहा महिन्यांनी घ्यावयाचे डेनोसुमॅबचे इंजेक्शन चुकले, तर मिळालेला लाभ झपाट्याने ओसरतो आणि मणके मोडण्याचा धोका वाढतो. उलट, आकडा चांगला असूनही साध्या पडण्याने हाड मोडले असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. असा अस्थिभंग हा हाडाच्या दुबळेपणाचा स्वतंत्र पुरावा असतो, आणि उपचार ठरवताना तो अहवालाइतकाच मोलाचा ठरतो.