तंबू कुणाचे, जमीन कुणाची?

श्रमिकाची विश्रांती ही चैन होय, असे मानणारा वर्ग आपल्याकडे पूर्वी होता आणि आजही आहे. मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्यातून एक दिवस सुटी मिळावी, ही साधी मागणी नारायण मेघाजी लोखंडे यांनी वर्षानुवर्षे लावून धरली. मालकांनी ती मान्य करावयास १८९० साल उजाडावे लागले. पण सुटी मिळाली तरी ती घालवायची कोठे, हा प्रश्न राहिलाच. एका खोलीत संसार करणाऱ्याला मोकळे आकाश, पाणी आणि झाडाची सावली यांची गरज नसते काय?

हा हक्क अन्यत्रही कोणी दानात दिलेला नाही. इंग्लंडमध्ये जमीनदारांनी शिकारीसाठी राखून ठेवलेल्या किंडर स्काउटच्या माळरानावर २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टर परिसरातील शेकडो तरुण कामगार बंदी मोडून चढले. त्यांपैकी पाच जणांना तुरुंगवास झाला. मजूर पक्षाच्या सरकारने १९४९ मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा व मोकळ्या रानात जाण्याच्या हक्काचा कायदा केला आणि १९५१ मध्ये त्या देशातील पहिले राष्ट्रीय उद्यान झाले ते याच डोंगराळ प्रदेशात.

आता आपल्या मावळात या. तुंग, तिकोना आणि लोहगड यांच्या कुशीत पवना धरणाचा जलाशय पसरला आहे. शनिवार आला की पुण्या-मुंबईच्या मोटारी तेथे रांगा लावतात. काठावर तंबू उभे राहतात, शेकोट्या पेटतात आणि एका रात्रीचे माणशी भाडे आकारले जाते. ज्या पाण्याकडे पाहत ही रात्र सरते, त्या पाण्याखाली शेतकऱ्यांची शेते आहेत. त्यांतील अनेक कुटुंबांचा पर्यायी जमिनीचा प्रश्न अर्धे शतक लोंबकळत राहिला. पवनेचे पाणी बंद नळातून पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या योजनेविरुद्ध मावळचा शेतकरी रस्त्यावर उतरला, तेव्हा ९ ऑगस्ट २०११ रोजी, ऐन क्रांतिदिनी, बऊर येथे पोलिसांच्या गोळीबारात तिघांचे प्राण गेले. शेत गेले, पाणी शहराला गेले; आता काठही जाणार काय?

कोणी म्हणेल, तंबूंमुळे गावच्या तरुणांना रोजगार मिळतो. मिळतो, हे खरे. काहींनी स्वतःचे तंबूही उभारले आहेत. परंतु ज्याच्या हाती भांडवल आणि जाहिरात, त्याच्याच हाती नफ्याचा मोठा वाटा जातो. धरणग्रस्ताच्या मुलाने आपल्याच बापजाद्यांच्या शिवारात पाहुण्यांची ताटे उचलावीत, याला विकास म्हणावयाचे असेल तर वेठबिगारीला काय म्हणावे? त्यातच धरणाकाठच्या सरकारी जागा पर्यटनासाठी खाजगी विकासकांना दीर्घ मुदतीने देण्याचे धोरण शासनाने अंगीकारले आहे. सार्वजनिक कामासाठी म्हणून शेतकऱ्याकडून घेतलेली जमीन खाजगी नफ्यासाठी देणे, ही शुद्ध प्रतारणा होय.

सहलीला विरोध हा आमचा मार्ग नव्हे. शहरातील श्रमिक आणि मावळातील धरणग्रस्त यांना एकमेकांचे शत्रू ठरविण्यात लाभ तिसऱ्याचाच आहे. म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. प्रथम धरणग्रस्तांचे पुनर्वसन पूर्ण करा. काठावरची सरकारी जमीन भांडवलदाराला न देता धरणग्रस्तांच्या सहकारी संस्थांकडे सोपवा. तेथे कामगाराच्या खिशाला परवडेल अशा दरात मुक्कामाच्या सार्वजनिक जागा उभारा. त्या ठिकाणी शौचालये, पिण्याचे पाणी आणि बुडणाऱ्याला वाचविणारे जीवरक्षक असतील, हे पाहणे शासनाचे कर्तव्य आहे. आणि गावच्या गुराढोरांची पाण्याकडे जाणारी वाट कोणत्याही कुंपणाने अडवू नका.

साथींनो, रविवार आपण लढून मिळविला. तो घालविण्याची जागाही लढूनच मिळवावी लागेल, आणि तीही मावळच्या शेतकऱ्याला सोबत घेऊन!