हिवाळ्यातला एक दिवस गळासाठी

आमचे व्यापारी बंधू मालाची खरेदी महिने-महिने आधी ठरवतात. पण मुलाबाळांना घेऊन कुठे जायचे म्हटले की "बघू, सवड मिळाली तर" एवढ्यावर भागवतात. गल्ल्यावर बसणाऱ्याला सवड मिळत नसते, काढावी लागते. शिलाईवाले, वेल्डिंगवाले, गॅरेजवाले यांची तीच गत. मुले उठण्याआधी बाप दुकानात आणि ती झोपल्यावर घरी!

यंदा एक दिवस मासे धरायला जावे, असे आम्ही सुचवतो. आणि लवकर ठरवावे, कारण रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकत पुन्हा हिवाळ्यात येतो आहे. 2026 मध्ये तो फेब्रुवारीच्या मध्यानंतर आला. 2028 मध्ये जानेवारीअखेर येईल आणि 2030 मध्ये तर जानेवारीत व डिसेंबरात असा दोनदा सुरू होईल. कापड, शिलाई, चप्पल, सुकामेवा या धंद्यांतल्या लोकांना हे वेगळे सांगायला नको. मोकळे हिवाळे आता मोजकेच उरले. लग्नसराईच्या ऑर्डरी सांभाळून डिसेंबरातली तारीख पक्की करावी आणि गिऱ्हाइकांना आठ दिवस आधी सांगून टाकावे.

आपल्या जिल्ह्यात पाण्याच्या जागा आहेत. माजलगावला सिंदफणेवरचे धरण, केज तालुक्यात धनेगावचा मांजरा प्रकल्प, बीडलगत पालीचा बिंदुसरा. निघण्यापूर्वी पाण्याची चौकशी करावी. याच मांजराच्या कोरड्या तळामुळे 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. तलाव एकदा आटला की मोठी मासळी संपते, आणि नवे बीज सोडल्यावर रोहू-कटला हाताएवढा व्हायला वेळ लागतो.

तलावातली मासळी कोणाच्याच मालकीची नसते, हा समज मात्र सोडावा. बहुतेक तलाव मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात. बीज पैसे मोजून सोडलेले असते. आपल्या दुकानातला गठ्ठा कोणी न विचारता उचलला तर आपण काय म्हणू? संस्थेच्या माणसाला विचारावे, असेल ते शुल्क द्यावे, गळ टाकावा. जाळे नको.

थंडीत मासा सुस्त असतो, खाणे कमी करतो. त्यामुळे पहाटे कुडकुडत बसण्यात अर्थ नाही. ऊन चढल्यावर, दहा-अकरापासून तीन-चारपर्यंत, उथळ पाणी जरा उबदार होते तेव्हा गळाला ओढ लागते. बायका-मुलांना हीच वेळ सोयीची. कणकेच्या गोळीत थोडी शेंगदाण्याची पेंड मळली की रोहू येतो. मरळ हवा असेल तर गांडूळ किंवा लहान मासळी लावावी. जोहरची नमाज काठावरच होते, चटई तेवढी सोबत असावी.

पोहायला कोणीही उतरू नये, पट्टीच्या पोहणाऱ्यानेही नाही. माजलगाव धरणात 2022 मध्ये एक जण बुडाला, आणि त्याच्या शोधासाठी उतरलेल्या पथकातल्या एकाचाही जीव गेला. धरणात मच्छीमारांची जाळी पसरलेली असतात, वरून ती दिसत नाहीत. लहान मुलांसाठी घरातले एक मोठे माणूस गळ न धरता नुसते लक्ष ठेवायला बसवावे.

दिवसभरात काहीच लागले नाही तर काठावरच्या भोई बांधवांकडून ताजी मासळी विकत घ्यावी. भावात फार घासाघीस करू नये. चूल, तवा आणि मसाला घरूनच न्यावा.