बंडखोराचं नाव कोणी खोडायचं?

देशाविरुद्ध उठाव केल्याचा आरोप ज्याच्यावर आहे, त्याचं नाव मतपत्रिकेवर येऊच देऊ नये, कोर्टानेच ते आधी काढून टाकावं, असं हल्ली पुष्कळ शिकली-सवरली माणसं म्हणतात. ऐकायला बरं वाटतं. घराला आग लावणाऱ्याच्या हातात घराची किल्ली कोण देईल? मीही देणार नाही. पण आग त्यानेच लावली हे आधी सिद्ध व्हायला हवं की नको? माझं भांडण आहे ते एवढ्यावरच.

अलीकडे हा वाद पेटला तो अमेरिकेत. ६ जानेवारी २०२१ ला तिथल्या संसदेवर जमाव चालून गेला. घटनेची शपथ घेऊन नंतर बंडात उतरलेल्याला पुन्हा पद मिळू नये, असं एक कलम तिथल्या राज्यघटनेत १८६८ पासून आहे. त्याच्या आधारे कोलोरॅडो राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये ट्रम्प यांचं नाव पक्षांतर्गत निवडणुकीच्या मतपत्रिकेवरून काढायला सांगितलं, तेही चार विरुद्ध तीन मतांनी. मार्च २०२४ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. केंद्रातल्या पदांसाठी हे कलम एकेका राज्याने परस्पर चालवायचं नाही, असं त्यांनी सांगितलं. ट्रम्प यांनी बंड केलं की नाही, याला मात्र हातच लावला नाही. सगळा देश ज्या प्रश्नावर भांडत होता, तोच प्रश्न कोर्टाच्या पायरीवर राहिला.

आपल्याकडे कायदा त्या मानाने स्वच्छ आहे. १९५१ चा लोकप्रतिनिधित्व कायदा म्हणतो, दोन वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा झाली की उमेदवारी बंद, आणि सुटून आल्यावर पुढची सहा वर्षंही बंद. यूएपीएसारख्या काही गुन्ह्यांत तर दोषी ठरणंच पुरे, शिक्षा किती ते बघतही नाहीत. पण नुसत्या आरोपावर कुणी बाद होत नाही. तसं करा, अशी मागणी घेऊन लोक सर्वोच्च न्यायालयात गेले होते. २५ सप्टेंबर २०१८ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने सांगितलं की अपात्रतेची नवी अट घालणं कोर्टाचं काम नाही, ते संसदेनं करावं. पुष्कळांना हा निकाल पळपुटा वाटला. मला तो बरोबर वाटतो, आणि का, ते समजायला आम्हा आदिलाबादकरांना लांब जावं लागत नाही.

आमच्या शेजारच्या जिल्ह्याचं नाव आहे कोमरम भीम आसिफाबाद. हा कोमरम भीम कोण? जल-जंगल-जमिनीसाठी निजामाविरुद्ध उठलेला गोंड. १९४० साली जोडेघाटात निजामाच्या पोलिसांनी त्याला मारलं. सरकारदरबारी तो बंडखोरच होता. आज त्याच्या नावाच्या जिल्ह्यात कलेक्टर बसतात. तेच स्वामी रामानंद तीर्थांचं. निजामाने त्यांना तुरुंगात टाकलं होतं. १९५२ मध्ये ते गुलबर्ग्यातून लोकसभेवर गेले.

तुम्ही म्हणाल, निजाम तो निजाम, आता आपलं राज्य आहे. बरं, आपल्याच राज्यातलं घ्या. तेलंगणातला कम्युनिस्टांचा सशस्त्र लढा पोलीस कारवाईनंतरही थांबला नव्हता, तो भारत सरकारविरुद्ध चालूच राहिला. १९५१ च्या ऑक्टोबरात तो मागे घेतला गेला आणि लगेच पहिली सार्वत्रिक निवडणूक आली. हैदराबाद राज्यात पक्षावर बंदी होती, म्हणून त्यांनी दुसऱ्या नावाने आघाडी काढली. त्या लढ्याचे एक पुढारी रावी नारायण रेड्डी नलगोंड्यातून उभे राहिले आणि पंडित नेहरूंपेक्षाही जास्त मतं घेऊन निवडून आले. तेव्हा कुणी त्यांची नावं सरसकट खोडली असती तर काय झालं असतं? खाली ठेवलेल्या बंदुका पुन्हा उचलायला दुसरं कारण लागलं नसतं.

आणि अगदी आजचं बघा. दनसरी अनसूया ऊर्फ सीतक्का कोवळ्या वयात नक्षली दळात गेल्या, बाहेर आल्या, वकील झाल्या, २००९ मध्ये मुलुगमधून आमदार झाल्या. डिसेंबर २०२३ पासून तेलंगणाच्या मंत्री आहेत आणि काही काळ आमच्या आदिलाबादच्या प्रभारी मंत्रीही होत्या. जंगलातून विधानसभेपर्यंत यायला ती एकच वाट होती. ती बुजवून कुणाचं भलं होणार होतं?

यावर मला विचारतात, "तुम्ही जैन, सूर्यास्तानंतर जेवत नाही, आणि बंदूकवाल्यांची बाजू घेता?" अहो, बाजू बंदुकीची नाही. हिंसा हिंसाच, ती कुणीही करो. म्हणूनच ती सोडणाऱ्याला दार हवं. आणि इंद्रवेल्लीत २० एप्रिल १९८१ ला जमिनीच्या प्रश्नावर जमलेल्या गोंडांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, तीही हिंसाच. सरकारी आकडा १३ मृतांचा, लोक त्याहून किती तरी जास्त सांगतात. अशा ठिकाणी पोलिसांच्या कागदावर बंडखोर म्हणून कुणाचं नाव चढेल, हे आम्हाला ठाऊक आहे. त्या कागदावरून उमेदवार बाद व्हायला लागले, तर निवडणुकीआधी कुणावरही कलम लावायला कितीसा वेळ लागतो?

आता दुसऱ्या बाजूचं खरं दुखणं. २०२४ च्या लोकसभेला बारामुल्लातून इंजिनिअर रशीद आणि खडूर साहिबमधून अमृतपाल सिंग तुरुंगातून निवडून आले. रशीद २०१९ पासून यूएपीएखाली आत होते आणि पाच वर्षांत निकाल नव्हता. ते दोषी असतील तर संसदेत जायलाच नकोत. निर्दोष असतील तर पाच वर्षं आत का? दोन्हीकडून उत्तर देणं कोर्टालाच भाग आहे, आणि तेच उत्तर आलं नाही. खासदार-आमदारांवरचे असे गंभीर खटले आरोपनिश्चितीनंतर वर्षभरात संपवा, असं सर्वोच्च न्यायालयानेच मार्च २०१४ मध्ये सांगितलं होतं. मुंबईच्या विलेपार्ल्याचं उदाहरण घ्या. १९८७ च्या पोटनिवडणुकीत धर्माच्या नावाने मतं मागितली म्हणून रमेश प्रभूंची निवड रद्द झाली. पुरावे तपासून, दोन्ही बाजू ऐकून झाली, हे चांगलंच. पण सर्वोच्च न्यायालयाचा शेवटचा शब्द यायला डिसेंबर १९९५ उजाडला! आठ वर्षांत विधानसभा कधीच बदलून गेली होती.

तांदळातला खडा काढायचाच असतो, त्याबद्दल वाद नाही. पण तो खडा आहे हे दिसेपर्यंत निवडत बसावं लागतं. वेळ नाही म्हणून सूपच उलटं करत नाही कुणी. कोर्टाने उमेदवारांची यादी निवडू नये, गुन्हा निवडावा. देशद्रोहाचा, दहशतवादाचा खटला उमेदवारावर असेल तर तो रोज चालवा, वर्षात संपवा. दोषी ठरला तर कायदा त्याला दारातच अडवेल. निर्दोष ठरला तर मतदार बघून घेतील. निकाल देण्याचं कष्टाचं काम टाळून नुसतं नाव खोडणं सोपं आहे. निजामालाही तेच सोपं वाटत होतं.