धाकटी लीग थोरलीला गाठेल का?



22 नोव्हेंबर 2025 चा शनिवार. आमच्या पिट्सबर्गमध्ये एरवी सगळ्यांच्या तोंडी स्टीलर्सच असतात. पण त्या दिवशी आमच्याकडे पोह्यांच्या बशा घेऊन टीव्हीसमोर बसलेली मंडळी रिव्हरहाउंड्सची होती. तलसाच्या मैदानावर 0-0 अशी बरोबरी, मग पेनल्टी किक्स, आणि 1998 मध्ये स्थापन झालेल्या आपल्या गावच्या क्लबला यूएसएल चॅम्पियनशिपचं पहिलं विजेतेपद! धाकटे चिरंजीव सोफ्यावर उड्या मारत होते. थोड्या वेळाने त्याने विचारलं, "बाबा, मग पुढच्या वर्षी आपण मेस्सीच्या लीगमध्ये खेळणार ना?"

"नाही रे."

"का? आपण जिंकलो ना?"

या 'का'चं उत्तर शोधता शोधता हा लेख झाला. (आपल्याकडे ज्याला फुटबॉल म्हणतात, त्याला इथे सॉकर म्हणतात. तेव्हा लेखभर सॉकरच म्हणू या.)

दोन घरं, दोन रीती

मेजर लीग सॉकर, म्हणजे एमएलएस, ही इथली थोरली लीग. 1994 चा विश्वचषक अमेरिकेला मिळाला तेव्हा देशात पहिल्या दर्जाची व्यावसायिक लीग उभारायचं कबूल केलं होतं. त्यातून 1996 मध्ये 10 संघांची ही लीग सुरू झाली. 2025 मध्ये संघ 30 झाले. तिची रचना मात्र युरोपातल्यासारखी नाही. खेळाडूंचे करार क्लबशी नाही, तर लीगशी होतात आणि क्लबांचे मालक हे लीगचे भागीदार असतात. आत शिरायचं ते पैसे भरून. टोरोंटोने 2007 मध्ये सुमारे 1 कोटी डॉलर भरले होते. सॅन डिएगोच्या वेळी, 2023 मध्ये, हा आकडा 50 कोटी डॉलर असल्याच्या बातम्या आल्या. एकदा आत आलं की कितीही हरलात तरी कोणी बाहेर काढत नाही. आणि बाहेरचा कितीही जिंकला तरी त्याला कोणी आत घेत नाही.

यूएसएल ही धाकटी. तिचं मुख्य कार्यालय फ्लोरिडात टॅम्पाला आहे. तिची चॅम्पियनशिप हा देशातला दुसरा स्तर आणि लीग वन हा तिसरा. फेब्रुवारी 2025 मध्ये यूएसएलने जाहीर केलं, की आम्हीही पहिल्या दर्जाची पुरुषांची लीग काढणार, 2027-28 मध्ये. मार्च 2025 मध्ये क्लबमालकांनी बढती-घसरणीच्या पद्धतीच्या बाजूने मतदान केलं. म्हणजे चांगलं खेळलात तर वरच्या वर्गात, नापास झालात तर खालच्या. मुंबईत वाढलेल्यांना हे समजावून सांगायला नको. कांगा लीगमध्ये एका डिव्हिजनमधून दुसऱ्या डिव्हिजनमध्ये गेलेल्या संघांच्या गप्पा आपण लहानपणापासून ऐकत आलो. अमेरिकेच्या व्यावसायिक खेळांत मात्र हा प्रकार नवाच.

पैशाचं सोंग आणता येत नाही

आता मुद्द्याचं बोलू. बरोबरी करायची तर काय लागतं?

पहिली अडचण मैदानाची. अमेरिकन सॉकर फेडरेशनच्या नियमांप्रमाणे पहिल्या दर्जाच्या लीगसाठी किमान 12 संघ लागतात, प्रत्येकाच्या मैदानात किमान 15 हजार आसनं लागतात आणि तीन चतुर्थांश संघ 10 लाखांवर वस्ती असलेल्या महानगर परिसरातले असावे लागतात. प्रमुख मालकाची मालमत्ता 4 कोटी डॉलर हवी. आमचं नदीकाठचं मैदान आहे साधारण 5 हजार आसनांचं! लुईव्हिलने 2020 मध्ये उघडलेलं सुंदर स्टेडियमसुद्धा सुमारे 11,700 आसनांचं. म्हणजे बढती मिळवायला नुसते गोल पुरणार नाहीत, विटा-सिमेंटही लागणार.

दुसरी अडचण खेळाडूंची. खेळाडू संघटनेच्या यादीप्रमाणे 2025 मध्ये मेस्सीची एकट्याची हमीची मिळकत 2 कोटी डॉलरच्या वर होती. यूएसएलच्या क्लबांनी हे मनातही आणू नये. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे बरं. रिओ ग्रँड व्हॅलीचा क्लब 2023 च्या हंगामानंतर बंदच झाला. त्या गावच्या मुलांनी कोणाच्या नावाने ओरडायचं?

तिसरी अडचण घसरणीचीच. वर जायला सगळ्यांना आवडतं. पण कर्ज काढून स्टेडियम बांधलं आणि दुसऱ्याच वर्षी खाली आलो, तर तिकिटं आणि जाहिराती घटणार, हप्ता मात्र तेवढाच राहणार. मतदानाच्या वेळी हात वर करणं सोपं. खाली जायची पाळी आल्यावर मालक शब्द पाळतील का, खरी परीक्षा तीच.

मैदानावर मात्र चित्र वेगळं

एवढं वाचून वाटेल की विषय संपला. पण अमेरिकेत एक जुनी स्पर्धा आहे, 1914 मध्ये सुरू झालेली यूएस ओपन कप. तिच्यात थोरले-धाकटे एकत्र खेळतात. 1999 मध्ये रोचेस्टर ऱ्हायनोजने, म्हणजे खालच्या स्तरावरच्या संघाने, अंतिम सामन्यात एमएलएसच्या कोलोरॅडोला 2-0 हरवून कप नेला. तसं त्यानंतर कोणालाही जमलेलं नाही. 2022 मध्ये सॅक्रामेंटो रिपब्लिकने सॅन होजे, एलए गॅलक्सी आणि कॅन्सस सिटी अशा तीन थोरल्यांना घरी पाठवलं. अंतिम फेरीत ऑर्लँडोने त्यांना 3-0 हरवलं. म्हणजे एका रात्रीपुरतं अंतर मिटतं, वर्षभराचं मिटत नाही.

सॅक्रामेंटोची गंमत, खरं तर दु:ख, असं की 2019 मध्ये त्यांना एमएलएसचं आमंत्रण मिळालं होतं. 2021 मध्ये मुख्य गुंतवणूकदाराने हात काढून घेतला आणि सगळं बारगळलं. एका माणसाने मन बदललं आणि अख्ख्या शहरासाठी दार बंद झालं. यूएसएलची पद्धत नेमकी याच दुखण्यावरचं औषध आहे.

उलट दिशेने पाहिलं, तर सिएटल, पोर्टलंड, ऑर्लँडो, सिनसिनाटी, नॅशव्हिल ही नावं आधी यूएसएलच्या लीगमधूनच पुढे आली. धाकटीने रोप वाढवायचं आणि थोरलीने आपल्या अंगणात नेऊन लावायचं, असं आजवर चाललं. स्वतःची पहिल्या दर्जाची लीग निघाली, तर निदान रोप घरात राहील.

आधीची उदाहरणं

असा प्रयत्न पहिलाच नाही. 2011 मध्ये नव्याने सुरू झालेल्या एनएएसएल लीगला 2017 मध्ये फेडरेशनने दुसऱ्या दर्जाची मान्यता नाकारली, आणि ती लीग संपली. तिने फेडरेशन आणि एमएलएसवर खटला भरला. फेब्रुवारी 2025 मध्ये ब्रुकलिनच्या फेडरल कोर्टातल्या ज्युरीने निकाल तिच्या विरोधात दिला. धडा एवढाच, की भांडून जागा मिळत नाही. नियमात बसून मिळवावी लागते, आणि यूएसएल तोच मार्ग धरते आहे.

महिलांच्या बाबतीत तर हा प्रयोग झालेलाही आहे. 2024 मध्ये यूएसएल सुपर लीग पहिल्या दर्जाची मान्यता घेऊन सुरू झाली, एनडब्ल्यूएसएलच्या शेजारी. थोरली अजून प्रेक्षकांत आणि पैशांत पुढे आहे. पण धाकटी बुडालीही नाही.

न्यू जर्सीच्या मंडळींसाठी एक गोड बातमीही आहे. पेलेचा न्यूयॉर्क कॉसमॉस आठवतो? 1977 मध्ये तो कोलकात्याला आला होता आणि मोहन बागानशी 2-2 बरोबरीत सुटला होता. तेच नाव 2026 पासून यूएसएल लीग वनमध्ये, पॅटरसनच्या हिंचलिफ स्टेडियमवर. पोरांना आजोबांच्या आठवणी सांगायला चांगलं निमित्त आहे.

मग उत्तर काय?

पैसा, तारे आणि टीव्ही यांत येत्या दहा वर्षांत यूएसएल एमएलएसला गाठेल असं मला वाटत नाही. पण बरोबरी म्हणजे फक्त तेवढीच का? एमएलएसमध्ये 30 संघ आहेत, आणि या देशात गावं हजारो. आपली कितीतरी मराठी कुटुंबं अशाच गावांत राहतात. दर शनिवारी पोरांना गाडीत घालून तासन् तास ट्रॅव्हल सॉकरला नेतात आणि वर्षाला भरघोस फी भरतात. त्या पोरांना समोर दिसणारा पहिला व्यावसायिक खेळाडू बहुधा धाकट्या लीगचाच असतो, सामना संपल्यावर कुंपणापाशी येऊन सही देणारा. आपण जिंकलो तर वर जाऊ, ही आशा त्या मुलाला मिळाली, तर माझ्या मते यूएसएलने जिंकण्यासारखं बरंच काही जिंकलं.

घोडामैदान आता जवळच आहे. तोवर आपल्या हातात एक गोष्ट आहे, ती म्हणजे तिकीट काढून मैदानावर जाणं. मान्यता कागदावर मिळते, पण क्लब टिकतो तो प्रेक्षकांवर.

चिरंजीवांना मी शेवटी एवढंच सांगितलं, "अजून नाही. पण पहिल्यांदाच कोणीतरी दार बांधायचं म्हणतंय." त्याने क्षणभर विचार केला आणि विचारलं, "मग स्टेडियम कधी मोठं करणार?"

पोरगा बरोबर मुद्द्यावर आला! तुमच्या गावात कोणता क्लब आहे, आणि तुम्ही सामने पाहायला जाता का, ते जरूर कळवा.