कचऱ्याचं वेळापत्रक

फुटबॉलचा विश्वचषक आला की एक व्हिडिओ हमखास फिरतो. सामना संपलाय, स्टेडियम रिकामं होतंय आणि जपानी प्रेक्षक हातात पिशव्या घेऊन खुर्च्यांखालचा कचरा वेचताहेत. २०२२मध्ये कतारला तर त्यांनी सलामीच्या सामन्यानंतरही हेच केलं. सामना कतार आणि इक्वेडोरचा, जपानचा त्यात काडीचा संबंध नव्हता! आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो व्हिडिओ आला, त्याखाली नमस्काराच्या हातांची रांग लागली आणि एक ठरलेलं वाक्य आलं: ‘त्यांच्या रक्तातच आहे हो ते.’

या वाक्यात मोठी सोय आहे. त्यांच्या रक्तात आहे म्हटलं, की आपल्या रक्तात नाही हे ओघानंच आलं आणि रक्तापुढे कोणाचं काय चालतंय? आपण सुटलो. टोकियोचा इतिहास मात्र आपल्याला इतक्या सहज सुटू देत नाही.

१९६५च्या उन्हाळ्यात टोकियोच्या कोतो वॉर्डात माश्यांनी उच्छाद मांडला होता. समुद्रात भराव घालून केलेल्या युमेनोशिमा बेटावर अख्ख्या शहराचा कचरा पडायचा आणि तिथल्या माश्या झुंडीनं घराघरात, शाळांत शिरायच्या. शेवटी तिथले ढीग पेटवून द्यावे लागले. तरी कचऱ्याचे हजारो ट्रक रोज कोतोतूनच जात राहिले. १९७१मध्ये गव्हर्नर रियोकिची मिनोबे यांनी ‘कचरायुद्ध’ जाहीर केलं. पश्चिमेकडच्या सुखवस्तू सुगिनामी वॉर्डातले लोक आपल्याकडे कचरा जाळण्याचा प्रकल्प होऊ देईनात, तेव्हा कोतोवाल्यांनी रस्त्यावर उतरून सुगिनामीचे ट्रक अडवले. तुमचा कचरा तुमच्या दारात ठेवा, आमच्या नको, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी पुण्याच्या कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, तेव्हा त्यांचं तरी दुसरं काय म्हणणं होतं? टोकियोत १९७४मध्ये समेट झाला आणि सुगिनामीला प्रकल्प पत्करावा लागला.

त्याच सुमारास फुजी पर्वताच्या बाजूच्या नुमाझू शहरात कचरा डेपोजवळच्या रहिवाशांनी असाच विरोध केला. तेव्हा पालिकेच्या माणसांनी वस्त्यावस्त्यांत सभा घेतल्या, लोकांना समजावलं आणि १९७५पासून घरातच कचरा वेगळा करून द्यायची पद्धत सुरू झाली. आज ज्याला आपण जपानी संस्कार म्हणतो, त्याची एक सुरुवात ही अशी, भांडणातून झाली.

माझी भाची कोतोला लागून असलेल्या एदोगावा वॉर्डात, निशी-कासाईला राहते. तिथे भारतीयांची चांगली मोठी वस्ती आहे. २०१९मध्ये योगेंद्र पुराणिक हे मूळचे मराठी गृहस्थ याच वॉर्डातून नगरसेवक म्हणून निवडून आले. भाचीच्या फ्रिजवर सणावारांचं नाही, कचऱ्याचं कॅलेंडर आहे. जळणारा कचरा कोणत्या वारी, बाटल्या-डबे कोणत्या वारी, सगळं रंगीत चित्रांसकट. प्लॅस्टिकच्या बाटलीचं झाकण काढायचं, लेबल सोलायचं, बाटली विसळायची, चेपायची. दुधाचा खोका धुऊन, कापून, सपाट करून वाळवायचा. तळणीचं तेल बेसिनमध्ये ओतायचं नाही. ते गरम असतानाच त्यात एक पूड टाकायची, गार झालं की त्याची वडी होते, ती जळणाऱ्या कचऱ्यात. जुनं कपाट टाकायचं तर आधी फोन करून दिवस ठरवायचा, दुकानातून पैसे देऊन स्टिकर आणायचं, ते कपाटाला चिकटवायचं आणि मगच कपाट खाली ठेवायचं.

सकाळी आठच्या आत पिशव्या ठरल्या कोपऱ्यावर जातात आणि कावळ्यांनी टोचू नयेत म्हणून त्यांच्यावर जाळी पडते. मी तिथे असताना एक पिशवी मागे राहिली. जळणाऱ्या कचऱ्यात कोणीतरी डबे घातले होते. पिशवी पारदर्शक असल्यामुळे ते सगळ्यांना दिसत होतं. गाडीवाल्यानं बाकीच्या पिशव्या उचलल्या, हिच्यावर ‘नेता येत नाही’ असं स्टिकर लावलं आणि तो गेला. आरडाओरडा नाही, दंड नाही. दिवसभर येणारे-जाणारे त्या पिशवीकडे बघत होते. संध्याकाळी ती गुपचूप गायब झाली.

हे सगळं गोड नाही. शेजाऱ्यांचे डोळे सतत आपल्यावर आहेत, हे ओझं फार मोठं असतं. पिशवी कोणाची हे कळलं नाही, तर संशय आधी परदेशी बिऱ्हाडावर जातो, असं भाची सांगते. १९९५मध्ये टोकियोच्या भुयारी रेल्वेत सरिन वायूचा हल्ला झाला, तेव्हापासून सार्वजनिक कचरापेट्या बऱ्याच कमी झाल्या. चॉकलेटचा कागद खिशात घालून घरी नेण्यामागे संस्कार आहेतच, पण टाकायला पेटीच नाही हेही आहे. आपल्यामुळे दुसऱ्याला त्रास नको, हे मूल्य तिथे खरंच खोल रुजलंय. मात्र ते नुसतं हवेत सोडून दिलेलं नाही. त्याला वार दिलाय, वेळ दिलीय, गाडी दिलीय आणि ती गाडी ठरल्या वेळी येते.

शिवाय सराव लहानपणापासून. बहुतेक जपानी शाळांत जेवणानंतर किंवा शाळा सुटताना पंधरा-वीस मिनिटं मुलंच वर्ग झाडतात, जिने पुसतात, बऱ्याच ठिकाणी संडासही धुतात. डॉक्टरचा मुलगा आणि ड्रायव्हरची मुलगी एकाच बादलीत फडकं पिळतात. आपल्याकडे शाळेत मुलांच्या हाती झाडू दिला की पालक तक्रार घेऊन येतात. त्यातली काही तक्रार रास्तच असते, कारण आपल्याकडे तो झाडू नेमक्या कोणत्या मुलांच्या हाती दिला जातो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. जपानलाही जातिभेदाचा हा कलंक अनोळखी नाही. चामडं कमावणाऱ्या, जनावरं कापणाऱ्या जातींना तिथेही गावाबाहेर ठेवलं जायचं. कायद्यानं तो भेद १८७१मध्ये गेला, मनातून पुरता अजूनही गेलेला नाही. पण शाळेतलं फडकं त्यांनी सगळ्यांच्या हाती दिलं.

आपल्याकडे घाण करणारे आणि घाण उचलणारे ही दोन वेगळी माणसं आहेत आणि ती वेगळीच राहावीत, अशी आपली मनोमन इच्छा असते. ओला-सुका वेगळा करायचा कंटाळा येतो, त्याच्या मुळाशी हीच इच्छा आहे. रक्ताचा यात काही दोष नाही.

तेव्हा पुढच्या विश्वचषकात तो व्हिडिओ जरूर पुढे पाठवा. पण त्याआधी सोसायटीच्या सभेत एकच ठराव मांडून बघा: महिन्यातून एक रविवार, जिना आणि कचऱ्याची जागा झाडायची पाळी घराघराची, आळीपाळीनं, अध्यक्षांच्या घरापासून सुरुवात.