धोतऱ्याचें फूल

महाशिवरात्रीस आमच्या हिंगोलीहून औंढ्यास नागनाथाच्या दर्शनाला जाणाऱ्यांच्या हातीं बेलाबरोबर धोतऱ्याचें फूलही असतें. तें देवास वाहावें, मुखीं घालूं नये, हें आमच्या आजीनें आम्हांस लहानपणींच बजावलें होतें. गेल्या शिवरात्रीनंतर एका जुन्या स्नेह्यांचा पदवीधर मुलगा आमच्याकडे आला. वर्षभर त्याचें मन उदास होतें. झोंप उडाली होती. तो म्हणाला, "गुरुजी, भास उत्पन्न करणारीं द्रव्यें आतां परदेशांत औषध म्हणून देतात. मग मीं भांग किंवा धोतरा घेऊन पाहिला तर काय बिघडलें ?"

त्याच्या म्हणण्याचा पूर्वार्ध खरा आहे. कांहीं अळंब्यांत सांपडणारें सायलोसायबिन हें द्रव्य, इतर उपायांनीं न हटणाऱ्या उदासीनतेवर देण्याची मुभा ऑस्ट्रेलियांत जुलै २०२३ पासून अधिकृत मानसवैद्यांस आहे. परंतु तें देण्यापूर्वीं रोग्याची कसून चौकशी होते, मात्रा मोजलेली असते, अंमल उतरेपर्यंत जाणतें माणूस शेजारीं बसतें. आपल्याकडे तें १९८५ च्या कायद्यानें निषिद्ध आहे.

धोतऱ्याची जातच निराळी. त्यांतील विषाचें प्रमाण झाडागणिक बदलतें. तोंड कोरडें पडतें, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारतात, अंग तापतें, मनुष्य स्वतःच्या माणसांस ओळखीत नाहीं. प्रसंगीं प्राणही जातो. एकोणिसाव्या शतकांत वाटसरूंस धोतरा चारून लुटीत असत. आणि तरीही धोतऱ्यांत असणारें ॲट्रोपिन हेंच औषध, फवारणीच्या कांहीं विषांची बाधा झालेल्या शेतकऱ्यास इस्पितळांत वांचवितें. युक्तीनें वापरलें तर विषही औषध होतें आणि युक्ति सुटली तर औषधही विष होतें, असें चरकसंहितेंत सांगितलें आहे तें हेंच.

भांगेविषयीं १८९३-९४ सालीं सरकारनें नेमलेल्या कमिशननें बेताचें सेवन बहुधा अपायकारक नाहीं, अतिसेवन मात्र अपायकारक, असा निर्वाळा दिला होता. परंतु हा निर्वाळा सर्वांस सारखा लागू पडत नाहीं. ज्यांच्या कुळांत उन्माद आहे त्यांस, विशेषतः तरुण वयांत, भांग-गांजानें तो रोग जडण्याचा धोका अधिक असतो. ह्याच कारणास्तव सायलोसायबिनच्या प्रयोगांतूनही अशा माणसांस बहुधा वगळतात.

आम्हीं त्यास विचारलें, "घरांत कोणास असा रोग होता काय ?" तो निःशंकपणें "नाहीं" म्हणाला. आम्हीं मात्र स्तब्ध झालों. त्याचे धाकटे काका आमचेच विद्यार्थी. ऐन पंचविशींत त्यांस उन्माद झाला होता. काका काशीस गेले, एवढेंच मुलांस सांगण्यांत आलें. घरांत लग्नाच्या मुली होत्या, म्हणून तो विषय पुढें कोणी काढला नाहीं.

त्याच संध्याकाळीं आम्हीं त्याच्या वडिलांस गांठलें. ते प्रथम रागावले, मग बराच वेळ कांहीं बोललेच नाहींत. अखेर त्यांनींच मुलास सर्व सांगितलें, आणि ते त्यास घेऊन मानसवैद्यांकडे गेले. आतां औषध चालू आहे; मुलगा रात्रीं झोंपूं लागला आहे.

धोतऱ्याचें झाड कुंपणापाशीं असतें, सर्वांस दिसतें. त्याविषयीं आजी सांवध करूं शकते. घरांत झांकून ठेवलेल्या दुखण्याविषयीं मुलांस कोण सांवध करणार ? तें काम वडीलधाऱ्यांचें आहे, आणि तें वेळेवर करावें, एवढीच ह्या महिन्याची आमची विनंती.